मे महिन्याची सुट्टी आणि मुलांचा रियाज

जुळे सोलापूरकर | २८ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची असून ती गाणे आणि पेटी शिकते. मुलगा अकरा वर्षांचा असून तो तबला शिकतो. दोघांचीही गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा गेल्याच आठवड्यात झाली. शाळेच्या परीक्षाही संपल्या आहेत आणि गुरुजी दरवर्षीप्रमाणे मे महिन्यात तीन आठवडे क्लास बंद ठेवून गावी जाणार आहेत.

गेल्या वर्षी याच दिवसांत काय घडले ते आधी सांगते. सुट्टीच्या पहिल्या दिवशी पेटीवर जी चादर घातली (आपलीच सोलापुरी, चांगली जाड), ती थेट जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघाली. क्लासच्या पहिल्या दिवशी मुलगी भूप रागाचा आरोह (चढता स्वरक्रम) म्हणू लागली आणि ज्या रागात निषाद (नी) नाहीच, त्यात धैवतानंतर खुशाल निषाद लावून मोकळी झाली. गुरुजी रागावले नाहीत, पण पुढचे तीन आठवडे जुनेच पलटे (सुरांचे सरावाचे क्रम) घोटून घेण्यात गेले.

यंदा आम्ही बारा मेपासून पंधरा दिवस मंगळवेढ्याजवळ मुलांच्या आजोळी जाणार आहोत. तिथे पेटीही नाही आणि तबलाही नाही. सुट्टीत रियाज किती वेळ, केव्हा आणि कसा करून घ्यावा, आणि मुळात त्याचा आग्रह धरावा का, हे जाणकारांनी सांगावे. आम्हा नवराबायकोपैकी कुणालाही सुरातले काही कळत नाही, हेही लक्षात घ्यावे.

शेंगाचटणी | २८ एप्रिल, रात्री १०.०५

सुट्टीत शेजारच्या मुलांचा रियाज थोडा कमी कसा करता येईल, यावरही कुणीतरी धागा काढावा, ही नम्र विनंती.

खर्ज | २९ एप्रिल, सकाळी ७.१५

मी गेली चोवीस वर्षे मुलांना गाणे शिकवतो. दर जूनला माझा निम्मा वर्ग भूपात निषाद लावतच परत येतो, तेव्हा धागाकर्त्या ताईंनी मनाला लावून घेऊ नये.

माझ्या मते याचे मूळ मुलांच्या आळसात कमी आणि आपल्या वेळापत्रकात जास्त आहे. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एक सत्र एप्रिल-मेमध्ये आणि दुसरे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. उन्हाळी सत्र नेमके सुट्टीच्या तोंडावर येते आणि परीक्षा झाली म्हणजे गाणे झाले, असे मुलाच्या मनात पक्के बसते. पालकांच्या मनातही ते बसते, कारण दहावीला मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांसाठी किती परीक्षा व्हाव्या लागतात, याचा हिशेब मला काही जण मूल सात वर्षांचे असतानाच विचारतात.

आता प्रत्यक्ष काय करावे. या वयाला वीस मिनिटे पुरे आहेत. मात्र ती सकाळी, ऊन चढण्याआधी आणि अंघोळीनंतर लगेच व्हावीत, कारण आपल्याकडे मे महिन्यात दहा वाजल्यानंतर मुलांकडून काही करून घेणे हे आपल्याही हातात नसते आणि त्यांच्याही. पहिली पाच मिनिटे तानपुऱ्यावर नुसता षड्ज (सा) लावावा. पुढे येत असलेलेच दोन पलटे आधी ठाय (संथ) लयीत आणि मग दुगुनीत (दुप्पट लयीत) घ्यावेत, आणि शेवटी मुलाच्या आवडीची एक बंदिश. नवा राग मोबाइलवर ऐकून घरच्या घरी मुळीच शिकू देऊ नये. चुकीचा बसलेला सूर उखडून काढायला मला दिवाळी उजाडते.

तबल्याच्या मुलाला आजोळी तबला नसल्याने फारसे बिघडत नाही. 'धाधा तिट धाधा तूना' हा एकच कायदा (तबल्याच्या बोलांची सरावाची रचना) हाताने टाळी देत तोंडाने म्हणू द्या. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणे, ही तबल्याच्या शिक्षणाची अर्धी बाजू आहे आणि क्लासमध्ये वेळेअभावी तीच मागे पडते.

तुम्हाला सुरातले कळत नाही, ही अडचण समजू नका. मुलाच्या चुका काढायला गुरुजी आहेत. तुम्ही भाजी निवडत शेजारी बसलात, तरी मुलाच्या दृष्टीने समोर श्रोता असतो.

तिसरी घंटा | २९ एप्रिल, दुपारी १.२०

खर्ज यांच्याविषयी आदर बाळगूनही मी या मताशी सहमत नाही. सुट्टी ही सुट्टीच असावी.

मी स्वतः पाचवी ते आठवी पेटी शिकले. साखर पेठेतल्या आमच्या घरी उन्हाळ्यात आत्याची, काकांची मिळून नऊ मुले जमत असत. ती सगळी सकाळी अंगणात असताना मला मात्र खिडकीशी पेटीपुढे बसवले जाई आणि वडील घड्याळ समोर ठेवून वर्तमानपत्र वाचत. भाता ओढायचा डावा हात चालू राही आणि डोळे अंगणात असत. बाहेर कुणी बाद झाले की माझी पेटीची पट्टी चुके, आणि पट्टी चुकली की वडील पान न उलटता "पुन्हा" म्हणत. त्यांचा तो "पुन्हा" मला आजही ऐकू येतो. आठवीनंतर मी पेटी सोडली आणि तिला हात लावायला पुढे बावीस वर्षे गेली. जूनमध्ये चार पलटे विसरलेले परवडतात. मुलाचे मन उडाले तर ते कोणत्या क्लासात परत बसवणार?

कडक भाकरी | २९ एप्रिल, दुपारी ३.०२

तिसरी घंटा यांचे वाचून वाईट वाटले. पण ताई, तुमच्या वडिलांनी घड्याळाऐवजी तुमच्याकडे पाहिले असते, तर तीच वीस मिनिटे वेगळी झाली असती, असे मला वाटते.

भुईकोट | २९ एप्रिल, सायंकाळी ६.३५

वेळेच्या बाबतीत खर्ज यांच्याशी सहमत आहे, परंतु सोलापुरात घड्याळापेक्षा नळ मोठा आहे. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येते आणि ज्या सकाळी ते येते, त्या सकाळी घरातली सगळी माणसे, भांडी आणि मोटर यांचाच ताल चालतो. म्हणून आमच्याकडे साधा नियम आहे, पाण्याच्या दिवशी रियाज नाही. मुले त्या दिवसाची वाट पाहतात आणि इतर दिवशी कुरकुर करत नाहीत.

दुसरी गोष्ट वाद्यांची आहे, कारण सुट्टीत रियाजाइतकेच वाद्याकडेही दुर्लक्ष होते. गेल्या मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे गेलेला असताना आमचा तबला गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहिला. कोरड्या उष्णतेने चामडे ताणले जाते आणि सूर चढतो, हे मला ठाऊक नव्हते. चार दिवसांनी मुलगा वाजवायला बसला, तर काळी चारचा (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराचा) तबला काळी पाचला टेकलेला. सूर लागत नाही असे तो म्हणाला, म्हणून मी हातोडी घेतली आणि गजऱ्यावर (चामड्याच्या काठच्या विणीवर) वरून चार ठोके दिले, म्हणजे आधीच चढलेल्याला आणखी चढवले. दुसऱ्या दिवशी शाईच्या (तबल्यावरच्या काळ्या गोलाच्या) कडेला केसासारखी भेग दिसली. तिसऱ्या दिवशी 'तिट' वाजवताना नखाएवढा तुकडा उडून मुलाच्या मांडीवर पडला. तो त्याने काडेपेटीत जपून ठेवला आहे. पुडी (वरचे चामडे) बदलावी लागली, हे वेगळे सांगायला नको.

दुरुस्त करणाऱ्या कारागिराने सांगितले ते असे. उन्हाळ्यात वाद्य घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत, सुती कापडात गुंडाळून ठेवावे. सूर फार चढला असेल, तर गठ्ठे (वादीखाली, म्हणजे कडेच्या चामडी दोरीखाली, अडकवलेले लाकडी ठोकळे) खालच्या बाजूने ठोकून वर सरकवावेत, म्हणजे वादीचा ताण उतरतो. कूलरच्या थेट झोतात तबला कधीही ठेवू नये, कारण दिवसभर ओल आणि रात्री कोरडे, असे झाले की चामडे लवकर जाते.

शेंगाचटणी | २९ एप्रिल, सायंकाळी ७.१०

शेजाऱ्यांनी हा प्रतिसाद जपून ठेवावा. पत्र्याची खोली, चार दिवस.

काळी पाच | ३० एप्रिल, सकाळी ११.४५

बक्षिसाचा मार्ग कुणी सुचवण्याआधीच माझा अनुभव सांगून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी मी मुलाशी करार केला होता की रोज अर्धा तास तबला वाजवल्यास संध्याकाळी आइस्क्रीम मिळेल. पहिला आठवडा उत्तम गेला. दार लावून घेऊन तो रोज चार वाजता वाजवत असे आणि आम्ही बाहेर बसून कौतुकाने ऐकत असू. दहाव्या दिवशी आमच्या आईने, म्हणजे त्याच्या आजीने, मला बाजूला बोलावून विचारले की रोज तिसऱ्या मिनिटाला कुकरच्या दोन शिट्ट्या कुठून ऐकू येतात, कारण चार वाजता आपल्या घरी कुकर लागत नाही.

दार उघडले, तर तबल्याशेजारी मोबाइल होता, ध्वनिमुद्रण चालू होते आणि चिरंजीव मागच्या दाराने क्रिकेटला गेलेले होते. आमचे आइस्क्रीम तर गेलेच. त्याहून वाईट म्हणजे मुद्रित केलेला कायदा खरोखरच चांगला वाजला होता.

खर्ज | ३० एप्रिल, दुपारी १२.३०

त्या मुलाने स्वतःचे वादन दहा वेळा नीट ऐकले असते, तर त्यालाही मी रियाज म्हटले असते. पण तो मैदानात होता.

बाळीवेस | ३० एप्रिल, रात्री ८.५०

मूळ प्रश्नातल्या आजोळाविषयी कुणी फारसे लिहिले नाही. आमच्या घरात कन्नड, शेजारी तेलुगू आणि शाळेत मराठी, असे अस्सल सोलापुरी वातावरण असल्याने गाणेही तसेच मिश्र ऐकत आलो. सुट्टीत आम्ही अक्कलकोट तालुक्यातल्या गावी जात असू. तिथे रोज संध्याकाळी देवळात भजन होई आणि आम्हा मुलांना टाळ मिळत. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा मला कुणीही शिकवल्या नाहीत. टाळ चुकला की शेजारचे आजोबा नुसते गुडघ्याने माझ्या गुडघ्याला ढोसत आणि पुढची समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) जागा सापडे. मंगळवेढा ही संतांची भूमी आहे, तिथे भजनी मंडळ सापडणार नाही असे होणार नाही. मुलाला तबला नसला तर टाळ द्यावा.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सनईच्याच जातीचे, पण तिच्याहून लहान असे सुंदरी हे वाद्य आपल्या सोलापूरच्या जाधव घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या वाजवत जपले आहे. मी लहानपणी ते ऐकले, तेव्हा एवढ्याशा नळीतून एवढा आवाज निघतो, यावर विश्वास बसला नव्हता. मुलांना सुट्टीत एकदा तरी ते ऐकवा. रोज पेटीच ऐकणाऱ्या मुलाला फुंकीच्या वाद्यातली मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) ऐकून सुरांच्या मधल्या जागा पहिल्यांदा कळतात.

खर्ज | १ मे, सकाळी ७.४०

बाळीवेस यांची सूचना उत्तम आहे, फक्त एक काळजी घ्यावी. भजनात पट्टी (सा किती उंच धरायचा ते) मोठ्या माणसांच्या सोयीने ठरते आणि रंगात आल्यावर लय चढत जाते. मुलीला ती पट्टी झेपत नसेल, तर ती गाण्याऐवजी ओरडू लागेल आणि पंधरा दिवसांत घसा बसेल. तिने तिथे टाळ धरावा, ऐकावे, आणि गाणे सकाळी आपल्या पट्टीत म्हणावे. मुलाने मात्र लय कुठे चढली ते ओळखून सांगावे. हा खेळ म्हणून त्याला दिला तरी चालेल.

कडक भाकरी | १ मे, दुपारी ४.१५

थोडे वेगळे विचारतो. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि त्याचा आवाज फुटला आहे. वरचा सा लावताना तो फाटतो, मग मुलगा ओशाळतो आणि उठून जातो. सुट्टीत रियाज पूर्ण बंद ठेवावा का?

खर्ज | १ मे, रात्री ९.०५

बंद करू नये, पट्टी उतरवावी. या वयात स्वरयंत्र वाढत असल्याने आवाज खाली जातो; काल लागणारी पट्टी आज लागेलच असे नाही आणि त्यात मुलाचा काहीही दोष नसतो. जिथे आवाज सहज लागतो तिथे सा धरून मध्य सप्तकातच हलके गावे. तार सप्तक काही महिने विसरून जावे आणि ताण देऊन आवाज वर खेचू नये. या काळात त्याला पेटीवर बसवले, तर हातही तयार होतो आणि चारचौघांसमोर फजिती होण्याची भीती राहत नाही. घरातल्या कुणीही त्याच्या आवाजाची नक्कल करून हसू नये. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण माझे दोन गुणी विद्यार्थी एका मामाच्या विनोदामुळे सुटले.

तिसरी घंटा | २ मे, दुपारी २.३०

मी अजूनही घड्याळाच्या विरोधातच आहे, परंतु ऐकण्याविषयी वर जे लिहिले गेले, ते मला पटले. दुपारी बारा ते चार या वेळेत सोलापुरात कुणीही बाहेर पडत नाही. सगळे घर फरशीवर आडवे असते, तेव्हा एखाद्या रागाचे ध्वनिमुद्रण हळू आवाजात लावून ठेवावे. प्रश्न विचारू नयेत, राग ओळखायला लावू नये. माझ्या भाचीला असे पडल्या पडल्या ऐकूनच दुर्गा आणि भूप यांतला फरक कळला. दुर्गातला मध्यम आला की ती पाय हलवते.

काळी पाच | २ मे, दुपारी ३.१०

आमच्याकडे दुपारी कूलरपुढे कोणतेच ध्वनिमुद्रण ऐकू येत नाही. मात्र मुलीने पेटीवर तपासून सांगितले आहे की आमचा कूलर पांढरी चारला लागतो आणि व्होल्टेज उतरले की थोडा कोमल होतो. हल्ली ती त्याच्यावरच सा लावते.

भुईकोट | २ मे, सायंकाळी ५.५०

मोबाइलवरच्या तानपुऱ्याविषयी एक सूचना. तानपुरा लावण्यासाठी मुलाच्या हातात मोबाइल दिला, की षड्ज पाच मिनिटे आणि बाकी सगळे पन्नास मिनिटे होते. आम्ही घरातला जुना, सिमकार्ड नसलेला मोबाइल केवळ तानपुरा आणि लेहरा (तबल्याच्या साथीची फिरती धून) यांसाठी ठेवला आहे. इंटरनेट नसल्याने त्याच्यात दुसरे काही करता येत नाही. तो पेटीच्या खणातच राहतो.

जुळे सोलापूरकर | ३ मे, रात्री १०.००

सर्वांचे मनापासून आभार. खर्ज यांची वीस मिनिटे आणि भुईकोट यांचा नळाचा नियम उद्यापासून लागू करत आहोत. पेटीवरची चादर आजच काढून कपाटात ठेवली. घड्याळ मी समोर ठेवणार नाही, हे तिसरी घंटा यांना वचन देते. जूनमध्ये काय झाले ते कळवीन.

जुळे सोलापूरकर | २१ जून, रात्री ९.२०

कळवीन म्हटले होते, म्हणून लिहिते. सगळे ठरल्याप्रमाणे झाले, असे मुळीच नाही.

आजोळी जाईपर्यंतच्या आठ दिवसांत रियाज पाच दिवस झाला. एक दिवस पाणी आले, एक दिवस लग्न होते आणि एक दिवस मीच विसरले. आजोळी गेल्यावर मुलाने दोन दिवस पढंत केली आणि तिसऱ्या दिवशी ती सोडली. भजनाला मात्र तो रोज गेला. परत आल्यावर त्याने सांगितले की मंडळाची लय दुसऱ्या अभंगापासून चढते, आणि ती चढवणारे आजोबा कोण हेही त्याला ठाऊक आहे. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते नात्यातले निघाले.

मुलीचे वेगळेच झाले. पेटी नसल्याने तिचा रियाज होणार नाही, असे मी धरून चालले होते. माझी आई पहाटे उठून ताक घुसळते. मुलगी तिच्याजवळ जाऊन बसू लागली आणि मोबाइलचा तानपुरा लावून षड्ज धरू लागली. आईला सा म्हणजे काय हे ठाऊक नाही, पण तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काल याच्यापेक्षा जरा वर म्हणत होतीस." मी जाऊन पाहिले, तर खरोखरच मोबाइलवर पट्टी बदलली गेली होती. त्यानंतर मुलगी आजीला विचारल्याशिवाय सुरुवातच करीना.

क्लास सोमवारी सुरू झाला. बोटे पेटीवर जड पडत होती, हे मान्य केले पाहिजे. पण भूपात निषाद लागला नाही. गुरुजींनी चार दिवसांत जुने पलटे आटोपले आणि नवीन बंदिश दिली.

सध्या अडचण एवढीच आहे की रोज सकाळी साडेसहाला माझ्या आईचा गावाहून दूरध्वनी येतो आणि सा ऐकल्याशिवाय ती तो ठेवत नाही. आज पाण्याचा दिवस होता. सुट्टी आहे असे तिला सांगितले, तर तिने मुलीला हंडा भरता भरता म्हणायला लावले.

तिसरी घंटा | २१ जून, रात्री १०.१५

आईंना माझा नमस्कार सांगावा.

भुईकोट | २२ जून, सकाळी ८.३०

आता पावसाची हवा सुटली आहे. तबल्याचे ज्यांनी मे महिन्यात गठ्ठे वर सरकवले असतील, त्यांनी ते आजच्या आज खाली ठोकून घ्यावेत. दमट हवेत चामडे सैल पडून सूर उतरतो आणि मुलाला वाटते की आपलाच हात गेला. आमचा तबला सकाळी काळी तीनला आला होता.